रेघ हाताला लागते

चित्रकाराचे डोळे गेले की चित्रकला संपली, ही समजूत इतकी पक्की आहे की तिला समजूत म्हणायचंही आपल्याला सुचत नाही. गवयाचा गळा गेला, नर्तकीचा पाय गेला, तसंच हे. (नर्तकीच्या पायाचं उदाहरण जरा जपूनच द्यावं, कृत्रिम पायावर नाचणाऱ्या सुधा चंद्रन मुंबईच्याच.) मग बहरीनच्या नासिर अल-यूसुफ यांचं काय करायचं? मुहर्रकमध्ये १९४० साली जन्मलेले हे चित्रकार त्या देशातल्या आधुनिक कलेच्या पहिल्या फळीतले. १९९०च्या दशकात त्यांची दृष्टी गेली. २००६ साली ते वारले. मधल्या काळात ते लिनोकट (लिनोलियमवर कोरून कागदावर उमटवायची चित्रं) करत राहिले. म्हणजे डोळे गेल्यावरही त्यांनी चित्रं केली, आणि तीही हातात धारदार कोरणी धरून.

जिद्दीची गोष्ट म्हणून ही सांगता येते, आणि जिद्द त्यात होतीच. पण मला जास्त नवल वाटतं ते त्या लिनोचं.

कॅनव्हासवर ब्रशानं रेघ मारली की ती डोळ्यांच्याच ताब्यात जाते. ओली असताना हात लावला तर फिसकटते, पातळ रंग वाळला की बोटाला पत्ता लागत नाही. मागची रेघ कुठं संपली हे कळलं नाही तर पुढची सुरू कुठून करायची? लिनोकटचं तसं नाही. शाळेत भेंडीचे किंवा बटाट्याचे ठसे ज्यांनी उमटवले, त्यांना यातली युक्ती ठाऊक आहे. जेवढं कोरून काढाल तेवढं कागदावर पांढरं राहतं, उरेल त्याला शाई लागते. शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद ठेवायचा आणि प्रेसमधून काढायचा किंवा चमच्याच्या पाठीनं घासायचा. यात चित्राचा जन्म होतो तो शाई लागायच्या आधीच. कोरणी जिथून गेली तिथं खाच पडते, आणि खाच बोटाला लागते. उजव्या हातानं कोरावं, डाव्या हाताच्या बोटानं मागचं चाचपत यावं, असं करता येतं.

लिनोलियम हा पदार्थ मुळात जमिनीवर अंथरण्यासाठी निघालेला. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी जवसाचं तेल हवेत घट्ट होऊ दिलं, त्यात बुचाच्या सालीचा भुसा वगैरे मिसळला आणि मागून गोणपाटासारखं कापड लावलं. आपल्याकडे जवसाची चटणी होते, तिकडे फरशी झाली! लाकडावर कोरायचं तर त्याला रेषा असतात, कोरणी त्या दिशेनं ओढली जाते. लिनोला रेषाच नाहीत. हात नेईल तिकडे कोरणी जाते. म्हणून चित्रकारांनी तो उचलला. अंधेरीत राहणाऱ्या चित्तप्रसाद यांनी त्यातून मुंबईतल्या कष्टकरी मुलांची चित्रं कोरली. पण लिनो क्षमा करत नाही. खोडरबर चालत नाही, कोरलं ते कोरलं. शिवाय ठसा उलटा उमटतो. डावीकडे पाहणारा माणूस हवा असेल, तर कोरताना त्याला उजवीकडे पाहायला लावायचं. डोळस माणूस आरसा घेऊन पडताळतो. डोळे नसलेल्याला ही उलटापालट डोक्यातच धरून ठेवावी लागते.

आता बोटाविषयी. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी लोकांना डोळे बांधून वेगवेगळ्या पृष्ठभागांवरून बोट फिरवायला लावलं. जेमतेम १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग आणि अगदी गुळगुळीत पृष्ठभाग यांतला फरक बोटाला कळला. माणसाच्या केसाची जाडी याच्या हजारो पट असते. त्या हिशेबानं लिनोवरची खाच म्हणजे दरीच. टोरांटोतले मानसशास्त्रज्ञ जॉन केनेडी यांनी याहून मूलगामी गोष्ट दाखवली. जन्मांध माणसांनाही उठावाच्या रेघांची चित्रं ओळखता येतात आणि काढताही येतात. कारण रेघ म्हणजे वस्तूची कड, आणि कड जशी दिसते तशी हातालाही लागते. रंग डोळ्यांचे, पण रेघ दोघांची.

मेंदूही या वाटणीबाबत आपल्याइतका कर्मठ नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डोळस माणसांचे डोळे सलग पाच दिवस बांधून ठेवले. तेवढ्यात त्यांच्या मेंदूतला दृष्टीचा भाग स्पर्शालाही प्रतिसाद देऊ लागला. पट्टी सोडल्यावर एका दिवसात सारं पूर्ववत झालं. एवढ्यावरून पन्नाशीत दृष्टी गमावलेल्या चित्रकाराच्या डोक्यात काय घडलं असेल हे छातीठोक सांगता येणार नाही, आणि मला तशी घाईही नाही. त्यांच्यापाशी एक मोठी ठेव मात्र होती. पाच दशकांचं पाहिलेलं बहरीन.

आणि मुहर्रक हे गाव पाहून ठेवावं असंच. मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांचं हे गाव. इथल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती आपली मुंबई. जपानी कल्चर्ड मोत्यांनी तो धंदा बसवला आणि १९३२ साली बहरीनमध्ये तेल लागलं. अल-यूसुफ जन्मले तेव्हा मोत्यांचा काळ सरत आला होता, पण त्याच्या आठवणी घराघरात होत्या. मुहर्रकमधली व्यापाऱ्यांची घरं आणि समुद्रातले शिंपल्यांचे पट्टे २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. समुद्रतळाशी हातानं शिंपले गोळा करणाऱ्यांच्या गावात बोटांनी चित्र शोधणारा कलावंत निघाला, असं लिहायचा मोह होतो. पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

आपल्याकडचे बिनोदबिहारी मुखर्जी यांच्याशी त्यांची तुलना जास्त सयुक्तिक ठरेल. शांतिनिकेतनातल्या या चित्रकाराची आधीच अधू असलेली दृष्टी १९५०च्या दशकात, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, पूर्ण गेली. मग त्यांनी कागद कापून चित्रं केली, मातीत घडवलं, टाइल्सचं भित्तिचित्र उभं केलं. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट काढला. दोघांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी दिसते. नुसती इच्छाशक्ती ताणून ते रंगाच्या डब्याशी झुंजत बसले नाहीत. हाताला उत्तर देईल असं साहित्य त्यांनी जवळ केलं.

एक विचित्र गोष्ट मात्र उरते. लिनोच्या ठशावरचं चित्र अल-यूसुफ यांना बोटांनी वाचता येत होतं. कागदावर उमटलेली सपाट प्रत त्यांच्या बोटांना फार काही सांगणारी नव्हती. प्रदर्शनाच्या दालनात आपण पाहतो ती हीच प्रत, डावं-उजवं उलटलेली, काचेमागची, हात लावू नये अशी पाटी असलेली. अशा चित्रांचं प्रदर्शन भरवणाऱ्यांनी ठसा जपला असेल तर तो शेजारी मांडावा आणि निदान त्याला तरी लोकांना हात लावू द्यावा.