चढाईचे दोन पंथ

आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेतला महत्त्वाचा सामना चार दिवसांवर आला, की सिल्लोडमध्ये दोन पंथ उदयास येतात. एरवी मक्याचा आणि मिरचीचा भाव, एस.टी.ची वेळ व परीक्षेचे अर्ज यांत गुंतलेली विद्यार्थी मंडळी चहाच्या टपरीवर एकाएकी तज्ज्ञ होऊन बसतात. पहिला पंथ धडाक्याचा. पहिल्या पाच मिनिटांतच समोरचे अंगण रिकामे करा, असे त्याचे मत. दुसरा पंथ धीराचा. बोनस घ्या, परत या, चूक समोरच्याला करू द्या, असे हे लोक सांगतात. दोन्ही पक्ष आवाज चढवून बोलतात आणि बिल बहुधा तिसराच कोणी भरतो!

या वादात तथ्य आहे, पण तो ज्या रीतीने घातला जातो त्यात नाही. धडाका की धीर हा स्वभावाचा प्रश्न मानला जातो. वस्तुतः तो बराचसा अंकगणिताचा प्रश्न आहे. ते गणित मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

आज खेळली जाते ती कबड्डी 'संजीवनी' प्रकारातली. जुन्या काळी 'अमर' आणि 'गामिनी' हेही प्रकार होते. अमरमध्ये बाद झालेला खेळाडू मैदानातच राही व समोरच्याला नुसता गुण मिळे. गामिनीत बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. संजीवनीत मात्र आपण समोरचा एक गडी बाद केला की आपला बाहेर बसलेला एक गडी आत येतो. म्हणजे झटापटीचा गुण हा नुसता गुण नव्हे. तो परत मिळालेला माणूसही आहे. बोनस गुणाचे तसे नाही. बोनसने फलक हलतो, पण बाहेर बसलेला गडी बाहेरच राहतो. धीराच्या पंथातले लोक हा फरक सोयीने विसरतात.

बोनसला आणखी एक अट आहे. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच तो मिळतो. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर असते आणि तिच्यापलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. निदान रेषा ओलांडल्याशिवाय परतणारा चढाईपटू बादच. बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवून दुसरा हवेत ठेवला की बोनस. समोर पाच किंवा त्याहून कमी गडी उरले, की ही दुभती गाय आटते.

आता पाहा. समोर सात गडी आहेत, दोन्ही कोपरे भक्कम आहेत, मधल्यांची साखळी जुळलेली आहे. अशा वेळी आत घुसून झटापट करणे म्हणजे आपण होऊन पकडीत जाणे. येथे धीर शहाणपणाचा, कारण बोनस उपलब्ध आहे. समोर पाच किंवा चार उरले, की चित्र बदलते. राखीव क्षेत्र सोडले तर मैदानाची रुंदी आठ मीटर. ती चौघांनी राखायची म्हणजे मध्ये खिंडारे पडणारच. येथे धडाका हवा, आणि धीराने खेळणारा संघ नेमका येथेच वेळ दवडतो. पुढे समोर तीनच उरले, की पुन्हा सावध व्हावे लागते. तीन किंवा कमी गड्यांनी चढाईपटू पकडला तर ती 'अव्वल पकड' होते आणि त्यांना एकाऐवजी दोन गुण मिळतात. लोण देऊन दोन जादा गुण घेण्याच्या लोभात येथे भले भले फसतात.

तेव्हा एकाच सामन्यात दोन्ही पंथ लागतात. कोणता केव्हा, हे समोरची संख्या सांगते. हे टपरीवर सांगून पाहिले, तर दोन्ही पक्षांनी मिळून मलाच गप्प केले.

थोर संघांकडे पाहिले तरी हेच दिसते. २०१६ साली अहमदाबादच्या विश्वचषकात अनुपकुमारच्या नेतृत्वाखालील भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ३२-३४ असा हरला. हातातली आघाडी शेवटी निसटली. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणविरुद्ध मध्यंतराला भारत मागे होता. उत्तरार्धात अजय ठाकूरच्या चढायांनी सामना फिरला आणि ३८-२९ असा विजय मिळाला. दोनच वर्षांनी, २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत, इराणने उपांत्य फेरीत भारताला २७-१८ असे हरवले. १९९० पासून प्रत्येक वेळी सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाच्या नावावर जेमतेम अठरा गुण! नामांकित चढाईपटू असूनही बचावापुढे काय होते, याचा हा धडा.

यातून वादाचा तिसरा आणि माझ्या मते खरा मुद्दा निघतो: चढाई एकाने करायची की तिघांनी? आपल्याकडे दोन्ही पंथ एका बाबतीत एकमताचे असतात. संघात जो एक चांगला चढाईपटू असेल, त्यालाच पुन्हा पुन्हा पाठवा! प्रदीप नरवालने २०१७ साली प्रो कबड्डीत एका चढाईत आठ गुण आणि त्याच सामन्यात चौतीस गुण मिळवले, तेव्हापासून तर प्रत्येक तालुक्याला आपला प्रदीप हवा झाला आहे. पण तो पकडला गेला की काय? संजीवनीचा नियम येथे उलटा फिरतो. त्याला आत आणायचे तर दुसऱ्या कोणीतरी गडी मारला पाहिजे किंवा आपल्या बचावाने पकड केली पाहिजे. दुसरा चढाईपटू तयार नसेल, तर समोरचा संघ आपल्या चढाया मुद्दाम निष्फळ ठेवतो, झटापट टाळतो आणि आपला हुकमी एक्का बाहेर बसून घाम पुसत राहतो.

मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळवले, तेव्हा त्यांच्याकडे एकच एक महानायक नव्हता. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे असे चढाईचे ओझे वाटून घेतलेले होते. अंतिम सामन्यात मोहितेची चार गुणांची एक चढाई मोलाची ठरली. सोबतीला मोहम्मदरझा शाडलूचा बचाव होता. त्यामुळे कोणी एक बाहेर बसला म्हणून संघ बसला नाही.

आघाडी असताना वेळ काढावा का, हाही वादाचा आवडता विषय. एक चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची. शेवटच्या पाच मिनिटांत, प्रत्येकाने पुरता वेळ घेतला, तर दोन्ही संघांच्या मिळून दहा चढाया होतात; आपल्या वाट्याला पाच. दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे नुसता वेळ काढणेही या नियमात बसत नाही. त्या पाचांत एकदा तरी कोणाला खरीखुरी चढाई करावीच लागणार. तो कोण, हे आदल्या दिवशी ठरलेले असावे. ऐन वेळी सारे एकमेकांकडे पाहतात, आणि मग पुन्हा तोच एक मुलगा दम घेत मध्यरेषेकडे चालू लागतो.

त्या मुलाचाही विचार टपरीवर कोणी करीत नाही. बहुधा तो खेड्यातून एस.टी.ने येणारा, मातीवर खेळून तयार झालेला असतो. मॅटवर बुटांनी खेळताना वळण्याची सवय निराळी लागते, आणि अंगावर चारजण पडले की गुडघ्याची काळजी निराळी. खेळाडूंसाठीच्या राखीव जागेतून पुढे नोकरी मिळावी, ही आशा घरच्यांनी त्याच्यावर ठेवलेली असते. चाळीस मिनिटांत पंचवीस चढाया त्याच्याकडून करवून घेणे हा धडाकाही नव्हे आणि धीरही नव्हे. दुसऱ्या आणि तिसऱ्या चढाईपटूला सरावात आणि साध्या सामन्यांतही पाठवावे, ते चारदा पकडले गेले तरी पाठवावे, आणि त्या वेळी प्रेक्षकांतून त्यांच्या नावाने ओरडा करू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. या वर्षी कोपऱ्यात खेळणारे आपले दोन गडी चढाईलाही चांगले जातात. प्रशिक्षकांनी त्यांना सरावात उतरवले आहे. पकडीत सापडले तरी ते उठून, अंग झटकून, पुन्हा रांगेत उभे राहतात.