कोणतं औषध चालू आहे?

‘औषध संपलं’ असं धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या घरात कानावर आलं, तर आधी विचारावं लागतं, कोणतं? आजीचं रक्तदाबाचं, लेकराच्या खोकल्याचं की सोयाबीनवर मारायचं? गोळी औषध, काढा औषध आणि कीटकनाशकही औषधच. रानात ‘औषध मारलं’ म्हणतात, ‘विष मारलं’ कोणी म्हणत नाही. मात्र ‘त्यानं औषध पिलं’ एवढं ऐकताच अख्खं गाव दवाखान्याकडे धावतं, कारण तिथं त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना कळतो.

मूळ शब्द ‘ओषधी’. जुन्या संस्कृत कोशांत ओषधी म्हणजे फळ पिकलं की वाळून जाणारी वनस्पती. त्या हिशेबानं ज्वारीसुद्धा ओषधीच. वनस्पतीपासून झालं ते औषध. पुढं हा शब्द इतका ऐसपैस झाला की त्याच्या आडोशानं कितीतरी गैरसमज वाढले. पहिला फवारणीच्या बाटलीचाच. तिच्या लेबलवरच्या चौकोनात लाल, पिवळा, निळा आणि हिरवा या रंगांनी विषाचा दर्जा दाखवलेला असतो. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, तेही विषच. त्याला घरात तरी विष म्हणा, आणि रिकामी बाटली पाण्याला किंवा गोड्या तेलाला वापरू नका.

गैरसमज : झाडपाल्याचं औषध आहे, अपाय होणार नाही.

हे म्हणणाऱ्यांनी बिब्बा आठवावा. टाचेत काटा मोडला की बिब्बा तापवून चटका देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. त्याचं काळं तेल कातडीला लागलं की अंग सुजतं, खाजतं, पाणी भरलेले फोड येतात. त्याला ‘बिब्बा उतला’ म्हणतात. चांगल्या कामात खोडा घातला की आपण ‘बिब्बा घातला’ म्हणतो, ते उगीच नाही. आयुर्वेदात बिब्बा शुद्ध करूनच वापरायला सांगितला आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या नियमांत आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे. तिच्यात बिब्बा, धोतरा, गुंज, बचनाग, कुचला, कण्हेर हे सगळे आहेत. अशी द्रव्यं असलेलं औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, असा इशारा वेष्टनावर छापावा लागतो. रुईचा म्हणजे रुचकीचा चीक त्या यादीत असो वा नसो, तो डोळ्यात उडाला तर बुबुळाला इजा होऊन नजर अंधूक होते. पान तोडलेला हात डोळ्याला लावू नये.

गैरसमज : नाव एक, म्हणजे झाड एक.

मराठवाड्यात ‘लिंबाचा पाला’ म्हणजे कडुनिंबाचा. आंबट फळ ते लिंबू. शहरातल्या सुनेला ‘लिंबाचा पाला उकळून अंघोळ घाल’ असं फोनवर सांगितलं तर ती लिंबाची पानं शोधेल. इथं फार बिघडत नाही, पण सगळीकडे असं नसतं. ‘ब्राह्मी’ या एकाच नावानं दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. गुळवेलीचं उदाहरण तर ताजं आहे. करोनाच्या काळात घरोघरी तिचा काढा सुरू झाला आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी तो घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीची शक्यता तपासायला हवी होती, असं म्हटलं. वाद बाजूला ठेवला तरी एवढं खरं की कुंपणावरची वेल ओळखता येत नसेल तर ती उकळून पिऊ नये.

गैरसमज : गावठी औषध आपलं, इंग्रजी औषध परकं.

खुरपताना बोट कापलं की बांधावरची कंबरमोडी चुरगाळून रस पिळतात. हिलाच दगडीपाला, एकदांडी म्हणतात. ही वनस्पती मूळची मध्य अमेरिकेतली. अंगणातली सदाफुली मादागास्करची. तिच्यातूनच व्हिन्क्रिस्टीन हे लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचं ‘इंग्रजी’ औषध मिळतं, तेही शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. म्हणून सदाफुलीची पानं चावून कर्करोग बरा होत नाही. आपल्या सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगानं तिची दखल घेतली. नावात सर्प असला तरी सापाच्या दंशावर तिचा इलाज नाही. तिथं प्रतिविषाची लसच हवी.

‘गुण आला’ हा शब्दही तपासून वापरावा. दूषित पाण्यानं होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि श्रेय गळ्यातल्या माळेला जातं. गरोदरपणी कावीळ झाली तर माळेची वाट पाहू नये, ती जिवावर बेतू शकते.

आपल्या भाषेत मापाचं भान मात्र पक्कं आहे. ‘घरात साखर औषधालाही नाही’ म्हणजे चिमूटभरही नाही. बाळगुटी उगाळताना सहाणेवर वेढे मोजतात : हळकुंडाचे दोन, तर जायफळाचा एकच, कारण ते जास्त झालं की बाळ गुंगतं. (पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, गुटीही नको, असा आजचा वैद्यकीय सल्ला आहे.) ज्या भाषेत ‘औषधापुरतं’ म्हणजे अगदी थोडं, तिथं ‘आयुर्वेदिकच आहे, कितीही घ्या’ हे वाक्य शोभत नाही.

सगळ्यांत मोठी गल्लत दवाखान्यात होते. डॉक्टर विचारतात, ‘कोणतं औषध चालू आहे?’ आपण सांगतो, ‘काही नाही.’ काढा, चूर्ण, मुळी यांना आपण औषध धरतच नाही, ते ‘घरगुती’. पण रोजच्या काढ्यातलं ज्येष्ठमध महिनोन्‌महिने भरपूर घेतलं तर रक्तदाब वाढतो, आणि डॉक्टर इकडे गोळ्या वाढवत राहतात. धाराशिव शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. वनस्पतीची ओळख पटवायची तर अशा जाणत्या ठिकाणी जावं. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना चूर्णाची पुडी किंवा पाल्याची फांदी पिशवीत घाला, आणि विचारायच्या आधीच डॉक्टरांसमोर ठेवा.