मालकांची शर्यत आणि चालकाचा जीव

फॉर्म्युला वन म्हटले की डोळ्यांसमोर येतात वाऱ्याच्या वेगाने धावणाऱ्या गाड्या. पण या खेळातील खरी शर्यत कराराच्या कागदावर चालते. प्रश्न एकच असतो, पैसा कोणाच्या तिजोरीत जाणार?

१९८० साली हे भांडण विकोपाला गेले. एकीकडे जाँ-मारी बालेस्त्र यांची नियामक संस्था फिसा, दुसरीकडे संघमालकांची संघटना फोका. फोकाचे म्होरके बर्नी एक्लस्टन स्वतः ब्रॅबॅम संघाचे मालक. १९८१ मध्ये काँकॉर्ड करार झाला. नियम करण्याचा अधिकार फिसाकडे राहिला, टीव्ही प्रक्षेपणाचा व्यवहार फोकाकडे गेला. दोघांची वाटणी झाली. पण गाडीत बसून जीव धोक्यात घालणाऱ्या चालकाला त्या बैठकीत कोणी विचारले?

उत्तर पुढच्याच वर्षी मिळाले. जानेवारी १९८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे हंगामाची पहिली शर्यत होती. चालकांकडून परवान्याच्या नव्या अर्जावर सह्या मागण्यात आल्या होत्या. चालकाला एकाच संघाशी बांधून ठेवणारी अट त्यात होती. माणूस म्हणजे मालकाची मालमत्ताच! निकी लाउडा आणि दिदिए पिरोनी यांनी ही मेख ओळखली. एखाददुसरा वगळता सारे चालक बसमध्ये बसून जोहान्सबर्गच्या एका हॉटेलात गेले. नामवंत आणि नवखे, सर्वांनी एकाच दालनात गाद्या टाकून रात्र काढली. दुसऱ्या दिवशी तडजोड झाली, मग गाड्या धावल्या. नंतर मात्र याच चालकांना दंड ठोठावला गेला.

त्याच हंगामात जील व्हिलनव्ह आणि रिकार्डो पालेट्टी यांचा अपघाती मृत्यू झाला. पिरोनी यांचे पाय चिरडले, ते पुन्हा फॉर्म्युला वनमध्ये उतरले नाहीत. जोखीम कोणाची आणि नफा कोणाचा, हे यापेक्षा स्पष्ट काय सांगावे?

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या देशात हा संप झाला, तेथे कृष्णवर्णीय बहुसंख्याकांना मताचाही हक्क नव्हता. स्वतःच्या करारासाठी एकवटलेल्या चालकांनी त्या वर्णद्वेषाविरुद्ध संप केला नाही. १९८५ मध्ये रेनो आणि लिजिए या फ्रेंच संघांनी तेथील शर्यतीवर बहिष्कार घातला, बाकीचे बहुतेक धावले. स्वतःपुरती एकजूट अपुरी असते, ती अशी.

पुढे मालक बदलले. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या लिबर्टी मीडियाने सुमारे ८०० कोटी डॉलर मूल्याचा हा धंदा ताब्यात घेतला. त्याच महिन्यात मॅनॉर हा छोटा संघ बंद पडला आणि दोनशेहून अधिक कामगार घरी बसले. एकाच धंद्यातील, एकाच महिन्यातील या दोन बातम्या! त्यांपैकी जगाने कोणती वाचली?

धनदांडग्यांच्या भांडणात कोण जिंकले, हे कष्टकऱ्याने मोजत बसू नये. वाटणीच्या बैठकीत आपली खुर्ची आहे का, एवढेच विचारावे. नसेल, तर ती एकजुटीने मिळवावी लागते. क्यालामीच्या त्या एका रात्रीचा धडा एवढाच आहे.