गॅस बाटलीत राहिला पाहिजे

सोड्याचा कारखाना बाहेरून पाहणाऱ्याला साखर, सिरप आणि स्वादाचा धंदा वाटतो. आत काम करणारा माणूस मात्र फिलरबद्दल बोलतो. सिरप टाकीत ढवळता येतं, थंड पाण्यात दाबाखाली गॅस मुरवताही येतो. अवघड काम त्याच्या पुढचं आहे. ते गॅसचं पाणी बाटलीत उतरवायचं आणि झाकण बसेपर्यंत त्यातला गॅस उडू द्यायचा नाही. हे काम करणारं मोठ्या कंपनीचं नवं यंत्र तालुक्याच्या गावातल्या कारखानदाराला परवडत नाही. म्हणून बड्या प्लँटमधून उतरवलेले फिलर एका कारखान्यातून दुसऱ्यात, कधी एका देशातून दुसऱ्या देशात जात राहतात. नीट पारखून घेतले आणि नीट बसवले, तर ते पुढेही कित्येक वर्षं इमानाने चालतात. या जुन्या यंत्रांकडे आपल्याकडे ‘भंगारापेक्षा जरा बरं’ एवढ्याच नजरेने पाहिलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

गॅस कोंडण्याची धडपड फार जुनी. पाण्यात हा वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, विरघळवण्याची रीत जोसेफ प्रिस्टली यांनी १७६७मध्ये लीड्समध्ये, बिअरच्या पिंपांवर साचणाऱ्या वायूवर प्रयोग करताना शोधली. १७८३मध्ये याकोब श्वेप यांनी जिनिव्हात तिचा व्यवसाय केला. पण बाटलीचं तोंड कसं बंद ठेवायचं, हा प्रश्न पुढची शंभर वर्षं छळत राहिला. कॉर्क वाळला की गॅस गेला. म्हणून बाटल्या आडव्याच राहाव्यात यासाठी गोल बुडाच्या बाटल्या निघाल्या. १८७०च्या दशकात लंडनच्या हायरम कॉड यांनी गोटीची बाटली आणली. ती आपल्याकडे इतकी रुजली की गोटी सोडा इथलाच वाटतो. त्या बाटलीचं यंत्रही पाहण्यासारखं असतं. बाटली यंत्रातच उलटी होते, गॅसच्या दाबाने गोटी तोंडातल्या रबरी कड्यावर जाऊन बसते आणि आतला दाबच झाकणाचं काम करतो. मुंबईत पालनजी १८६५मध्ये, पुण्यात अर्देशीर १८८४मध्ये आणि मुंबईचेच ड्यूक्स १८८९मध्ये या धंद्यात आले. १८९२मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी पत्र्याच्या क्राउनचं, म्हणजे आपल्या बुचाचं पेटंट घेतलं आणि भरणं व बुच मारणं वेगाने, ओळीने करता येऊ लागलं. आजचा फिरता फिलर त्याच वाटेवरचा.

हा फिलर कसा काम करतो ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण जुनं यंत्र पारखायचं ते याच ज्ञानावर. वर एक गोल टाकी असते, तिला बोल म्हणतात. बोलमध्ये खाली थंड पेय आणि वर दाबाखालचा गॅस. बोलच्या खाली गोलाकार व्हॉल्व्ह लावलेले असतात. छोट्या यंत्रात बारा-सोळा, मोठ्या यंत्रात शंभरावर. बाटली हवेच्या सिलिंडरवर वर उचलली जाते आणि तिचं तोंड व्हॉल्व्हच्या रबरी सीलवर घट्ट बसतं. आता पेय सोडायचं नसतं. आधी बोलमधला गॅस बाटलीत येतो. बाटलीतला आणि बोलमधला दाब सारखा झाला, की मगच स्प्रिंगच्या जोराने पेयाचा व्हॉल्व्ह उघडतो. दाब दोन्हीकडे सारखा असल्यामुळे पेय फक्त स्वतःच्या वजनाने, बाटलीच्या भिंतीला धरून शांतपणे उतरतं. बाटलीतला गॅस मधल्या बारीक नळीतून परत वर जातो. पेय त्या नळीच्या टोकाला टेकलं की गॅसची वाट बंद होते आणि भरणं आपोआप थांबतं. म्हणजे बाटली किती भरायची हे ती नळी ठरवते. शेवटी वरच्या रिकाम्या जागेतला दाब हळूहळू सोडला जातो आणि बाटली खाली येऊन बुच मारणाऱ्या क्राउनरकडे जाते. दाब झटकन सोडला तर सगळं पेय फेसाळून बाहेर येतं.

यातलं थंडीचं महत्त्व नवख्याला कळत नाही. एक लिटर पेयात चार लिटर गॅस टिकवायचा, तर चार अंश सेल्सिअसला वातावरणाच्या दाबापेक्षा साधारण पावणेदोन बार जास्त पुरतात. तेच पेय तीस अंशांवर असलं तर सुमारे पाच बार लागतात. विदर्भातल्या मे महिन्यात शेडमधलं तापमान त्याच्याही वर जातं. म्हणून जुना फिलर घेताना त्याच्यासोबतचा चिलर आणि कार्बोनेटर पाहिला नाही, तर अर्धाच सौदा पाहिला. फेस येतो म्हणून फिटर व्हॉल्व्हला दोष देत बसतो आणि दोष बहुतेक वेळा पेयाच्या तापमानात असतो.

जुनी यंत्रं बाजारात येतात कुठून? मुख्यतः बाटली बदलल्यामुळे. १९७३मध्ये नॅथनिएल वायेथ यांनी पेटच्या, म्हणजे प्लास्टिकच्या बाटलीचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही दशकांत परतीच्या काचेच्या बाटलीचं राज्य आटत गेलं. आपल्याकडे १९७७मध्ये कोकाकोला गेली, १९९३मध्ये परत आली, आणि त्यानंतर जसजशी पेटची बाटली वाढली तसतसे काचेचे प्लँट बंद पडत गेले. यंत्र झिजल्यामुळे नाही, त्याची बाटलीच दुकानातून गेल्यामुळे ते रिकामं झालं. अशा यंत्रांत क्रोनेस, केएचएस किंवा त्याआधीच्या होल्स्टाइन उंड काप्पर्ट या जर्मन कंपन्यांची भक्कम बांधणी मिळते.

आता पारख. यंत्राचा रंग, पत्र्याची चकाकी आणि प्लेटवर कोरलेला ताशी बाटल्यांचा आकडा, या तिन्हींवरून काही ठरवू नये. पहिली नजर व्हॉल्व्हवर. एक उघडून सीलची रबरं, स्प्रिंग आणि नळीचं टोक पाहावं. नंतर व्हॉल्व्हची संख्या गुणिले एका सीलसंचाची किंमत हा हिशेब कागदावर मांडावा. स्वस्त वाटणारं यंत्र कधीकधी तिथेच महाग होतं. दुसरी नजर बोलच्या आतल्या बाजूला. क्लोरीनच्या पाण्याने स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत जंतू घर करतात. तिसरी गोष्ट सुट्या भागांची. बाटली पुढे सरकवणारा स्क्रू, स्टारव्हील आणि गाइड हे प्रत्येक बाटलीच्या मापाचे असतात. विकणाऱ्याची बाटली आणि तुमची बाटली वेगळी असेल, तर हा सगळा संच नव्याने करून घ्यावा लागतो. धुण्याच्या वेळी व्हॉल्व्हखाली लावायचे स्टीलचे पेले अडगळीत पडलेले असतात. ते मागून घ्यावेत, नाहीतर पाइपांची साफसफाईच होणार नाही.

पेटच्या यंत्रात सगळ्यात जास्त फसगत होते ती मानेच्या मापात. जुनी मान १८१० क्रमांकाची, उंचीला २१ मिलिमीटर. नवी १८८१ क्रमांकाची, १७ मिलिमीटर, आणि ती प्रत्येक बाटलीमागे एक ग्रॅमहून जास्त प्लास्टिक वाचवते. व्यास दोन्हींचा २८, म्हणून कागदावर यंत्र जुळल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात बाटली मानेला धरणाऱ्या पकडी आणि झाकण फिरवणारी डोकी बदलावी लागतात. विजेचंही तसंच. अमेरिकेतून आलेलं यंत्र ६० हर्ट्झचं असतं. आपल्या ५० हर्ट्झवर त्याच्या मोटारी सहा भागांपैकी पाच भाग वेगानेच फिरतात. कंट्रोल पॅनलमध्ये सीमेन्सची जुनी एस-फाइव्ह मालिका असेल तर सुटे भाग शोधत फिरावं लागेल. त्यापेक्षा पॅनल नवं करण्याचे पैसे आधीच बाजूला काढावेत.

उभारणीची सुरुवात विकणाऱ्याच्या कारखान्यात होते, हे माझं ठाम मत आहे. यंत्र खोलण्याआधी प्रत्येक पाइपला, प्रत्येक वायरला खूण करायची, फोटो काढायचे, गिअरच्या एकमेकांशी असलेल्या जागा पंचने ठोकून ठेवायच्या. फिलर, क्राउनर आणि स्टारव्हील एकाच गतीने बांधलेले असतात. एक दात चुकला तरी काच फुटते. घाईच्या ठेकेदाराने गॅसकटरने पाइप कापून ट्रक भरला, तर तो वाचलेला दिवस इथे महिनाभर वसूल होतो.

आपल्या जागेवर आधी पाया, मग लेव्हल. बोल जरा तिरका बसला तरी एका बाजूच्या बाटल्या कमी, दुसऱ्या बाजूच्या जास्त भरतात. कन्व्हेयरचा वेग ठरवताना फिलर सगळ्यात हळू ठेवायचा आणि त्याच्या मागची-पुढची यंत्रं थोडी जलद, म्हणजे फिलरला बाटलीची वाट पाहावी लागत नाही. ट्रायल क्रमाने घ्यावी: रिकामं यंत्र, मग साधं पाणी, मग गॅसचं पाणी, सगळ्यात शेवटी सिरप. काच फुटण्यापासून वाचवणाऱ्या जाळ्या काढून ट्रायल घेणं हा गुन्हाच मानला पाहिजे. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो, खड्ड्यात आणि तळघरात साचतो, माणसाला कळायच्या आत बेशुद्ध करतो. वायुवीजन आणि गॅसचा अलार्म यांत काटकसर नको.

एक गोष्ट यंत्राच्या यादीत कधी लिहिलेली नसते: ते वर्षानुवर्षं चालवणारा ऑपरेटर. कुठला व्हॉल्व्ह हट्टी आहे, कुठल्या आवाजावर थांबायचं, हे त्यालाच ठाऊक असतं. प्लँट बंद झाल्यावर तो घरी बसलेला असतो. त्याला पगार देऊन उभारणीच्या काळात बोलवावं. त्याच्या अनुभवाची किंमत नव्या सीलच्या संचापेक्षा जास्त आहे.

जुना फिलर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला एवढंच सांगतो. आपल्या बाटल्यांची दोन क्रेट सोबत न्या आणि पैसे देण्याआधी, आपल्या डोळ्यांसमोर, गॅसच्या थंड पाण्यावर अर्धा तास यंत्र चालवून दाखवायला सांगा. मालक तयार नसेल, तर वजनकाट्याचा भाव सांगा किंवा परत या.