अकारा : चवळीचा आफ्रिकी वडा

चवळी म्हटली की आपल्या घरात एकच गोष्ट होते, उसळ! फार तर आमटी. महिन्याच्या सामानात गुलमंडीहून अर्धा किलो चवळी येते, दोनदा उसळ होते, मुले ताटात नुसती चिवडत बसतात, आणि उरलेली बरणी मागे सरकत सरकत शेवटी तिला भुंगा लागतो. त्या बरणीचे काय करावे, याचे एक चविष्ट उत्तर पश्चिम आफ्रिकेतल्या बायकांनी फार पूर्वीच शोधून ठेवले आहे.

नायजेरियातले योरुबा लोक त्याला 'अकारा' म्हणतात. घानात तशाच वड्याला 'कोसे' म्हणतात. भिजवलेली चवळी सोलून, वाटून, फेटून तेलात सोडलेला हा वडा. त्यात बेसन नाही, तांदळाचे पीठ नाही आणि सोडाही नाही. तरी बाहेरून कुरकुरीत आणि आतून कापसासारखा! सोड्याची चिमूट टाकल्याशिवाय भजी हलकी होतच नाहीत, असे ज्यांना वाटते त्यांनी तर हा प्रकार जरूर करून बघावा.

आपल्या शहराचे आणि आफ्रिकेचे नाते तसे जुनेच. १६१० मध्ये ज्याने इथे खडकी वसवली आणि पुढे नहरीचे पाणी गावात आणले, तो मलिक अंबर मूळचा हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. अर्थात इथिओपिया आफ्रिकेच्या पूर्वेला आणि अकारा पश्चिमेचा. मध्ये एवढे अंतर, की मलिक अंबराने अकारा खाल्ला असेल असे म्हणायला मी धजावणार नाही! पण चवळी मात्र खरोखरच आफ्रिकेची लेक. तिची लागवड तिकडेच सुरू झाली आणि निदान तीन हजार वर्षांपूर्वी ती आपल्याकडे नांदायला आली. आपली ज्वारी-बाजरीही मूळची तिकडचीच. तेव्हा हा पदार्थ परका मानायचे कारण नाही.

आता कृती. दोन वाट्या पांढरी, काळ्या डोळ्याची चवळी घ्या. एवढ्यात लहान लहान पंचवीस-तीस वडे होतात. चवळी निवडून अर्धा तास पाण्यात ठेवा, मग पाण्यातच दोन्ही तळहातांमध्ये चोळा. साले सुटून वर तरंगतात. ती पाण्याबरोबर ओतून टाका, पुन्हा पाणी घाला, पुन्हा चोळा. असे पाच-सहा वेळा करावे लागते. खरे सांगायचे तर सगळ्या कृतीत कंटाळवाणे काम हेच. पण ते टाळू नका. साल राहिले की वडा दडस होतो आणि पिठात हवा धरत नाही. हे काम एकटीने ओट्याशी उभे राहून करायचेही काही कारण नाही. पातेले बैठकीत आणा आणि टीव्हीसमोर बसलेल्या मंडळींच्या पुढ्यात ठेवा. चवळी चोळायला पाककौशल्य लागत नाही! अगदीच वेळ नसेल तर किराणा दुकानात सोललेली चवळीची डाळ मिळते का पाहा. तिने काम अर्धे होते.

सोललेली चवळी आणखी तीन-चार तास भिजू द्या. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिसाच्या वर जातो. तेव्हा रात्रभर भिजवलीत तर सकाळी आंबूस वास येईल. अकाराचे पीठ आंबवायचे नसते. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदला आणि भिजवलेले पाणी फेकून द्या. चवळी वातूळ म्हणून ज्यांच्या घरी तक्रार असते, त्यांची तक्रार सोलण्याने आणि पाणी टाकण्याने थोडी तरी कमी होते.

पाणी पूर्ण निथळून चवळी मिक्सरमधून वाटा. वाटताना अर्धा कांदा आणि दोन-तीन लाल ओल्या मिरच्या घाला, नसल्यास हिरव्या. पाणी चमच्याचमच्यानेच घालावे. पीठ दहीवड्याच्या पिठाइतके घट्ट आणि अगदी गुळगुळीत हवे. रवाळ राहिले तर वडा तेलात फुटतो.

यानंतरची दहा मिनिटे महत्त्वाची. पीठ पसरट भांड्यात काढा आणि हाताने एकाच दिशेने फेटत राहा. पिवळसर पीठ हळूहळू पांढरे होते, फुगते, हाताला हलके लागते. चवळीतली प्रथिने हवेचे बारीक बुडबुडे धरून ठेवतात आणि गरम तेलात तेच फुलतात. सोड्याचे काम इथे तुमचा हात करतो. पाण्याच्या वाटीत थेंबभर पीठ टाकून बघा. तरंगले तर झाले, बुडले तर अजून फेटा. मीठ आणि उरलेला अर्धा कांदा बारीक चिरून अगदी तळायच्या वेळीच घाला. आधी घातलात तर पाणी सुटून पीठ बसते आणि सगळी मेहनत वाया.

तिकडे पुष्कळ ठिकाणी हे वडे तांबड्या पामतेलात तळतात. आपल्या दुकानांत पिशवीत मिळते ते पामतेल निराळे, शुद्ध करून रंग-वास काढलेले. त्याच्या मागे लागू नका. शेंगदाण्याचे किंवा आपले करडईचे तेल उत्तम. तेल चांगले तापले पण धुरावले नाही, अशा वेळी चमच्याने पीठ सोडा. मध्यम आचेवर तीन-चार मिनिटे, मध्ये एकदा उलटून. कढईत गर्दी केलीत तर तेल थंड पडते आणि वडे तेल पितात.

नायजेरियात आणि घानात सकाळी रस्त्याच्या कडेला मोठी कढई घेऊन हे वडे तळणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. या कढईची एक हकीकत समुद्रापलीकडची आहे. पश्चिम आफ्रिकेतून लाखो माणसे गुलाम म्हणून ब्राझीलला नेली गेली. त्यांच्यातल्या योरुबा बायकांबरोबर अकाराही गेला आणि तिथे त्याचे नाव 'आकाराजे' झाले. बाहिया प्रांतातल्या साल्वादोर शहरात मालक लोक गुलाम बायकांना रस्त्यावर पदार्थ विकायला पाठवीत. ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, वर उरेल ते तिचे. त्या वरच्या पैशांत पै-पै साठवून काही बायकांनी स्वतःला विकत घेतले, म्हणजे मालकाला किंमत मोजून स्वतःची सुटका केली! ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ मध्ये संपली. पण पांढरा घेरदार झगा आणि डोक्याला फडके बांधून आकाराजे विकणाऱ्या बायका साल्वादोरच्या चौकांत आजही बसतात, आणि २००५ मध्ये ब्राझील सरकारने त्यांच्या या व्यवसायाची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. वडे तळण्याला 'त्यात काय एवढे' म्हणणारे कुणी तुमच्या घरी असेल तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

कशाबरोबर खायचा म्हणाल, तर नायजेरियात पावात घालून खातात, आपल्या वडापावासारखा. नाहीतर मक्याची किंवा ज्वारीची आंबवलेली पातळ पेज सोबतीला असते. म्हणजे आपली आंबीलच की! वेळ अमावास्येला लातूर-धाराशिवकडे आंबील करतात, तिच्याबरोबर हे वडे शोभून दिसतील. एरवी लसणाची ओली चटणी किंवा नुसता लिंबू पुरे. शंभर ग्रॅम सुक्या चवळीत साधारण २१ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात, तेव्हा मधल्या वेळच्या खाण्यात मुलांच्या पोटात नुसता मैदा जाण्यापेक्षा हे केव्हाही बरे. रोज मात्र नको हं, शेवटी तळणच आहे ते.

घरात कुणाला तेल वर्ज्य असेल तर याच पिठाचा 'मोईन मोईन' करा. पीठ थोडे सैल करून त्यात चमचाभर तेल, चिरलेली ढोबळी मिरची आणि टोमॅटो घाला. केळीच्या पानात बांधून किंवा तेल लावलेल्या वाट्यांत ओतून अर्धा तास वाफवा. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाले. आणि वडे उरलेच, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेलात सोडू नका. गरम कढीत घाला. दहा मिनिटांत ते कढी पिऊन टम्म होतात.