हिस्सा एक, हिस्सेदार अनेक

कोकणातल्या मसुऱ्यासारख्या गावातील सातबाऱ्यांची यादी संगणकीय तक्त्यात उतरवली, तर सर्व्हे क्रमांक १२ मधील तिसरा हिस्सा दर्शविणारे ‘१२/३’ तक्ता बिनदिक्कत तारीख समजतो. म्हणून हा रकाना मजकूर म्हणूनच वाचून ‘सर्व्हे’ व ‘हिस्सा’ हे गुणधर्म वेगळे केले, की ओळीचा ऑब्जेक्ट, म्हणजे नावानिशी गुणधर्म बाळगणारा घटक, तयार होऊ लागतो. ‘०.१२.५०’ हे क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे फोडल्यास १,२५० चौरस मीटर भरते. खरी कसोटी कोकणातील सामाईक खात्यांची: सहहिस्सेदारांच्या नावागणिक ओळ असते, आणि प्रत्येक ओळीचा स्वतंत्र ऑब्जेक्ट केल्यास तेच क्षेत्र पुन्हापुन्हा मोजले जाऊन जमीन कागदावरच फुगते, त्यामुळे हिश्श्याचा ऑब्जेक्ट एकच ठेवून त्यात नावांची यादी गुंफावी लागते.