कागदी फितीची स्मरणशक्ति

संगणकाच्या स्मरणांत काय लिहिलें आहे तें आज कोणासहि डोळ्यांनीं दिसत नाहीं. एकेकाळीं मात्र तें हातांत धरतां येत असे. अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशननें १९६८ सालीं ‘पीडीपी-८/आय’ हा संगणक बाजारांत आणला, तेव्हां त्याचे कार्यक्रम कागदी फितीवर मिळत. ही फीत एक इंच रुंद. तिच्यावरील प्रत्येक आडव्या ओळींत आठ छिद्रांची जागा. छिद्र म्हणजे एक, कोरा कागद म्हणजे शून्य. इंचास अशा दहा ओळी.

हेंच यंत्र आतां हौशी लोक घरीं पुन्हां उभें करतात. ‘पायडीपी-८’ या प्रतिकृतीच्या दर्शनी भागावर दिवे व खटके मूळचेच वाटतात; आंत मात्र तळहाताएवढा ‘रास्पबेरी पाय’ जुन्या यंत्राचें सोंग वठवितो. मूळ पद्धतीनेंच जावयाचें तर प्रथम सोळा सूचना खटके वरखालीं करून भराव्या लागतात. त्यांच्या बळावर यंत्र फितीवरून एक मोठा वाचक-कार्यक्रम उचलतें, व तो मुख्य कार्यक्रम वाचतो. मुलानें आधीं मुळाक्षरें गिरवावीं आणि मग पोथीस हात घालावा, तसाच हा क्रम.

टेलिटाइपवरील वाचक सेकंदास दहा ओळी वाचतो. मूळ स्मरणांत ४०९६ शब्द मावत व प्रत्येक शब्दास दोन ओळी लागत. म्हणजे स्मरण पूर्ण भरावयास सुमारें ६८ फूट फीत आणि जवळजवळ चौदा मिनिटें! फितीच्या अखेरीस पडताळ्याची बेरीज असते. ती जुळली नाहीं तर पुन्हां पहिल्यापासून आरंभ.

मग हा खटाटोप कशासाठीं? फीत फाटते, तिचे वाचक-यंत्र मोडीत जातें आणि तिच्यावरील कार्यक्रम कायमचा हरपण्याची भीति असते. म्हणून जाणता हौशी माणूस जुनी फीत दोनदां वाचवून दोन्ही वाचनें ताडून पाहतो, आणि ती नक्कल प्रतिकृतीवर चालवितो. जेथें यंत्र अडखळतें तेथें फाटकी ओळ उजेडासमोर धरून छिद्रें डोळ्यांनीं मोजतां येतात. हा गुण नंतरच्या चुंबकीय फितींत नाहीं.

मोडी दफ्तरें शाबूत असलीं तरी मोडी वाचणारा नसेल तर तीं मुकींच राहतात. फितीचेंहि तसेंच आहे. नुसता कागद जपून भागत नाहीं. त्याचा वाचकहि जिवंत ठेवावा लागतो.